दोष आढळला नाही

मुंबई, ४ फेब्रुवारी १९७९

मामा,

साष्टांग नमस्कार मनातल्या मनात. प्रत्यक्ष घालायचा म्हटलं तर आमच्या हॉस्टेलच्या खोलीत तीन खाटांच्या मधे तेवढी जमीन शिल्लक नाही.

आईनं शेजारच्या मुलाकडून लिहवून घेतलेलं पत्र आलं. तुम्ही परंदवडीत जाऊन पारावर जाहीर केलंत म्हणे, की आपली नंदा मुंबईला मशीन चालवते. सगळ्यांनी शिवणाचं मशीन धरलं. भामाबाई काकू आईला विचारायला आल्या, "बलाउज शिवती का निस्ती झबली?" आई मला विचारते, काय सांगू? मामा, तुम्ही घोळ घातलात, आता तुम्हीच निस्तरा.

तेव्हा नीट सांगते. आमच्या संशोधन संस्थेत एक कॉम्प्युटर आहे, दोन कपाटांएवढा. तो चालवायला दुसरी माणसं आहेत. माझं काम वाचायचं. त्याला काय करायचं ते ओळीओळीनं लिहून द्यावं लागतं. ते लिहायची एक नवी भाषा निघाली आहे, तिचं नाव नुसतं एक अक्षर, सी. आमच्या साहेबांनी त्या भाषेत एक चौकीदार लिहिला आहे. दोन हजार तीनशे ओळी. एक इस्पितळ आपल्या रोग्यांचे कागद आमच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवणार आहे, १२ मार्चपासून. कुणाला क्षय, कुणाला आणखी काय, हे त्यांच्या डॉक्टरांशिवाय कुणाला वाचता येता कामा नये. एखाद्या मुलीला क्षय होऊन गेला हे बाहेर कळलं तर तिचं लग्न व्हायचं नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या कागदांच्या दाराशी हा चौकीदार.

आणि साहेबांनी मला सांगितलंय, ओळ न् ओळ वाचा आणि कुठून आगंतुक आत शिरू शकेल ते शोधा. मी चार महिन्यांची नवखी, तरी हे काम मला दिलं! मार्चमध्ये ते माझ्याबद्दल मत लिहितील आणि मग मी कायम होईन. होईनच. आता तुम्ही परंदवडीत जाल तेव्हा एवढं सगळं सांगा.

तुमची
नंदा

*

खंडाळा, ९ फेब्रुवारी १९७९

चि. नंदा हिला, मामाचे भरपूर आशीर्वाद आणि तुझ्या मामीचे माझ्यापेक्षा एक जास्त.

पत्र मामीला दोनदा वाचून दाखवलं. तिला समजलं नाही. मला समजलं, असं मी तिला सांगितलं.

पण एक गोष्ट सांगतो. तू चौकीदाराची परीक्षा घेणार आहेस ना, मग त्याचं लिहिलेलं काय वाचत बसतेस? माणूस कागदावर कसाही चांगला दिसतो. एक दिवस त्याला चहा पाज, तंबाखू दे, घरची चौकशी कर आणि मग म्हण, "जरा आत जाऊन येते हं." सोडलं तर समज काय ते. मी अडतीस वर्षं रेल्वेत काढली, त्यातली तीस सिग्नल मेस्त्री म्हणून घाटात. कुंपणानं शेत खाल्लेलं पुष्कळदा पाहिलंय.

घाटाची तुला आठवण आहे ना? खाली उतरणाऱ्या गाडीचा सांधा आम्ही कायम कॅच सायडिंगकडे लावलेला असतो. म्हणजे गाडी सरळ गेली तर चढावर वाळूत जाऊन रुतायची. ड्रायव्हरनं आधी थांबून दाखवायचं, ब्रेक लागतात हे सिद्ध करायचं, तेव्हाच सांधेवाला खालची वाट मोकळी करतो. ड्रायव्हर ओळखीचा असो की मुंबईचा बडा असो. आम्ही कुणावर विश्वास ठेवत नाही म्हणून लोक खाली कर्जतला सुखरूप पोचतात. तुझ्या साहेबांना हे सांग. आवडेल त्यांना.

परंदवडीचं मी निस्तरतो. भामाबाईला सांगेन, पोरगी शिवत नाही, उसवते.

दत्तोबामामा

*

मुंबई, १४ फेब्रुवारी १९७९

मामा,

माझ्या हसण्यानं खोलीतल्या मुली उठून बसल्या. अहो, चौकीदार म्हणजे माणूस नाही! त्या लिहिलेल्या ओळींनाच मी चौकीदार म्हणते. नाव आणि परवलीचा शब्द विचारायचा, यादीशी ताडून बघायचा, जुळलं तर आत सोडायचं, नाहीतर हाकलायचं, एवढं त्या ओळी करतात. तंबाखू खात नाहीत.

पण कॅच सायडिंगचं खरोखरच साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या मामांना इथे आणायला हवं होतं." चौकीदारात तसंच केलेलं आहे. कॉम्प्युटर सगळं लहान लहान खणांत ठेवतो; त्यातल्या परवानगीच्या खणात आधी शून्य लिहून ठेवायचं, म्हणजे प्रवेश नाही. नाव जुळलं तरच तिथे एक लिहायचा.

काम संपलं! सांगते कसं केलं. पहिल्यांदा सगळे कागद फरशीवर पसरले आणि बाहेरचा शब्द जिथे जिथे आत येतो त्या सगळ्या ओळींवर खूण केली. मग प्रत्येक शब्द पुढे कुठे जातो, कुठे ठेवला जातो, त्याच्याकडून कोण काय काम करून घेतं, असा माग काढत गेले. अकरा ठिकाणी साहेबांना हटकलं. त्यातली नऊ त्यांनी मान्य केली आणि लगेच दुरुस्त केली. दोन ठिकाणी माझंच चुकलं होतं. मग संस्थेतल्या एकशे चाळीस लोकांच्या नावांची यादी घेऊन बसले. प्रत्येक नाव बरोबर परवलीनं घातलं, मग तेच नाव चुकीच्या परवलीनं. एकही चूक नाही.

आज दुपारी अहवालाखाली लिहिलं, "तपासणी पूर्ण. दोष आढळला नाही." आणि सही केली. मामा, माझी सही बऱ्यापैकी डौलदार आहे, हे मला आजच कळलं.

नंदा

*

खंडाळा, १९ फेब्रुवारी १९७९

चि. नंदा,

शाबास. तुझ्या सहीचा आनंद मला पुरेपूर कळतो. सही करणाऱ्यांत आपल्या घरात मी पहिला आणि तू दुसरी. तुझ्या आईचा अंगठा अजून तसाच आहे.

पण एक म्हातारा प्रश्न विचारतो. तू पट्टी कुठे घातलीस?

समजलं नसेल तर सांगतो. आमचा सांधा म्हणजे रूळ जिथे दुभंगतात ती जागा. तिथलं हलतं पातं बाजूच्या रुळाला घट्ट चिकटलं पाहिजे आणि मग खाली कुलूप बसलं पाहिजे. चिकटलं नाही तर चाक फटीत शिरतं आणि डबा खाली. आता हा सांधा तपासायचा कसा? नवखा मेस्त्री काय करतो, चार वेळा सांधा ओढतो. चारही वेळा पातं चिकटतं, कुलूप बसतं. खूष होतो आणि वहीत सही करतो. अरे, चांगला सांधा चांगला चालणारच! त्यात तू काय तपासलंस?

आम्ही लोखंडाची एक बारीक पट्टी घेतो आणि मुद्दाम पात्याच्या आणि रुळाच्या मधे धरतो. मग सांगतो, ओढ. आता कुलूप बसता कामा नये. पट्टी मधे असतानाही बसलं तर सांधा खोटा. म्हणजे पातं उघडं असतानाही तो वर केबिनमध्ये सांगणार, सगळं ठीक आहे, गाडी सोडा. समजलं? बरोबर चालतो का ते बघायचं नाही. चुकीचं घातलं की तो नाही म्हणतो का, ते बघायचं.

तू एकशे चाळीस नावं घातलीस. सगळी तुमच्याच संस्थेतली. म्हणजे चांगला सांधा चार वेळा ओढलास, असं मला वाटतं. चुकत असेन तर सोडून दे. आपल्याला काय, आपण पेन्शनर. पण अडतीस वर्षांत माझ्या नोंदवहीतली "दोष आढळला नाही" ही ओळ कधी खोटी पडली नाही, त्या हक्कानं विचारतो.

मामी म्हणते, जेवतेस का नीट.

दत्तोबामामा

*

मुंबई, २३ फेब्रुवारी १९७९

मामा,

तुमच्या पत्रानं आधी राग आला. मग भीती वाटली. काल दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी पट्टी घातली.

आमच्या संस्थेत प्रत्येकाला कॉम्प्युटरसाठी एक आखूड नाव ठरवून दिलेलं आहे. आठ अक्षरांच्या आतलं. त्यामुळे इथे नाव विचारलं की कुणी लांबलचक लिहीतच नाही. मीसुद्धा लिहिलं नाही. पण इस्पितळातली नर्स आपल्या तळेगावची असली तर? आपल्याकडे नाव विचारलं की माणूस नवऱ्याचं, आडनावाचं आणि मुक्काम पोस्टाचं सांगूनच श्वास घेतो. म्हणून मी आईचं नाव घातलं. इंग्रजीत रतनबाई म्हणजे बरोबर आठ अक्षरं होतात. मी तिथे थांबले नाही. रतनबाई बजरंग, मुक्काम परंदवडी, सगळं सलग, मधे जागा न सोडता. परवलीचा शब्द म्हणून काहीतरी अगडमबगडम टाकला.

चौकीदार म्हणाला, या.

आई कुठल्या यादीत नाही, मामा. तिला सही येत नाही. आणि चौकीदारानं तिला आत घेतलं, आणि उद्या तिथे ज्यांचे कागद असतील ते सगळे रोगी तिच्यापुढे उघडे केले असते.

असं का झालं ते मग तीन तास बसून शोधलं. सहाशे चौदाव्या ओळीत नाव वाचून घेतलं जातं. ते ठेवायला आठच खण आहेत. पण ही भाषा मोजत नाही! लिहिणाऱ्यानं मोजायला सांगितलं नसेल तर नववं अक्षर ती सरळ पुढच्या खणात टाकते. आणि पुढचा खण कसला, तर परवानगीचा. आधी घातलेल्या शून्यावर बाबांच्या नावाचं पहिलं अक्षर जाऊन बसलं. नाव यादीत सापडलं नाही तर काय करायचं, हे साहेबांनी लिहिलेलंच नाही, कारण शून्य आहेच असं धरलं. शेवटी चौकीदार बघतो, खणात शून्य नाही, म्हणजे परवानगी आहे.

सहाशे चौदावी ओळ मी वाचली होती. तिच्यासमोर बरोबरची खूण आहे. माझ्या हातची.

आता अडचण. साहेब माझ्याबद्दलचं मत ५ मार्चच्या आत वरती पाठवणार आहेत. मी बोलले तर त्यांची ओळ खोटी आणि माझी सही खोटी. त्यांच्या लिहिण्यात चूक काढणारं इथे अजून कुणी झालेलं नाही. नऊ किरकोळ गोष्टी मान्य करणं वेगळं, हे वेगळं. काय करायचं ते मला माहीत आहे. तरीपण तुम्ही एकदा म्हणा, मामा. तुम्ही म्हणालात की माझ्या पायात बळ येतं.

नंदा

*

खंडाळा, २७ फेब्रुवारी १९७९

चि. नंदा,

पत्र पोचलं. विचार करून लिहितो आहे, तेव्हा शांतपणे वाच.

गप्प बस. आधी कायम हो. ५ तारखेला मत जाऊ दे, १२ तारखेला उघडू दे, आणि मग पंधरा दिवसांनी एखाद्या सकाळी साहेबांना एकटं गाठून हळूच सांग, की असं असं दिसलं. तेही दुरुस्त करतील, तूही राहशील. झाकली मूठ सव्वा लाखाची. स्वतः होऊन हात दाखवून अवलक्षण कशाला? कोण बसलंय तिथे तुझ्या आईचं नाव टाकायला?

आपल्या घरातली मुलगी एवढ्या मोठ्या ठिकाणी गेली आहे. तिथे परत जागा मिळत नसते. हे मी प्रेमानं सांगतो आहे.

दत्तोबामामा

*

खंडाळा, १ मार्च १९७९

नंदा,

परवाचं पत्र फाड. चुलीत घाल.

दोन दिवस मामीशी धड बोललो नाही. आज तिनं विचारलं, "काय झालंय काय तुमाला? पोरीला काय लिवलंया?" मी तिला सांगितलं. आणि मग दुसरंही सांगितलं, जे एकवीस वर्षांत सांगितलं नव्हतं. आता तुला सांगतो.

माझी ओळ एकदा खोटी पडली. १९५८ सालच्या एप्रिलात. घाटातली एक केबिन होती, नाव लिहीत नाही. त्या दिवशी तिथल्या सांध्याला पट्टी लावून तपासणी करायची माझी पाळी होती. परंदवडीची जत्रा होती. तू तीन वर्षांची होतीस आणि मी तुला खांद्यावर बसवून जत्रा दाखवायचं कबूल केलं होतं. अकराची गाडी चुकली असती. मी वर केबिनला गेलोच नाही. नोंदवही खाली स्टेशनात मागवून घेतली, "दोष आढळला नाही" लिहिलं, सही केली आणि गाडीत बसलो.

तिसऱ्या दिवशी त्या सांध्यावर मालगाडीचे तीन डबे घसरले. माणूस कुणी गेला नाही. मी धावत गेलो आणि चौकशीचे साहेब यायच्या आत खाली वाकून पट्टी लावली. पट्टी मधे असताना कुलूप बसलं. सांधा खोटा होता. मी हातातल्या पान्यानं तो तिथल्या तिथे दुरुस्त केला. साहेब आले तेव्हा सांधा चोख. त्यांनी वही उघडली, वहीत माझी सही. मग सांधा चांगला, तर चूक कुणाची? सांधेवाल्याची. सांधेवाला कान्हू, राजमाचीच्या वाटेवरच्या वाडीचा. ड्युटीवर झोपला, सांधा अर्धवट ओढला, असं ठरलं. त्याला काढून टाकलं.

तू कागदावर दोष नाही म्हटलंस, की उद्या दोष माणसाचा ठरतो. एखाद्या नर्सचा, एखाद्या शिपायाचा. हे मला माहीत होतं आणि तरी मी तुला परवा गप्प बस म्हणालो. कारण मी गप्प बसलो होतो आणि माझं सगळं नीट झालं होतं.

उद्याच्या उद्या साहेबांकडे जा.

मामा

*

मुंबई, ४ मार्च १९७९

मामा,

तुमचं दुसरं पत्र काल संध्याकाळी मिळालं. पहिलं त्याच्या आदल्या दिवशी. पहिलं वाचून मी अंथरुणावर बसून रडले, लपवत नाही. पटलं म्हणून रडले. आणि मग तोंड धुतलं आणि साहेबांकडे गेले. तेव्हा दुसऱ्या पत्राचा तुमचा हुकूम मी आधीच पाळलेला आहे, आणि पहिल्या पत्राचा मोडलेला आहे. दोन्हीची बेरीज करून तुम्ही मला काय शिक्षा द्यायची ती द्या.

झालं ते सांगते. साहेबांच्या खोलीत दोघे पाहुणे होते. मी म्हटलं, सर, दहा मिनिटं मशीनपाशी याल का. ते आले, पाहुणेही आले. मी आईचं ते लांबलचक नाव टाइप केलं. चौकीदारानं आत घेतलं.

साहेब म्हणाले, "परत करा."

परत केलं. परत आत.

"बाजूला व्हा." मग त्यांनी स्वतः बसून स्वतःच्या आजोबांचं पूर्ण नाव घातलं. आजोबाही आत. एक पाहुणा हसला. साहेब हसले नाहीत. कागद मागवला, सहाशे चौदावी ओळ काढली आणि बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही बरोबरची खूण कुणाची?"

"माझी."

"सही कधीची?"

"चौदा तारखेची."

"म्हणजे मी ही ओळ चुकीची लिहिली आणि तुम्ही ती वाचून बरोबर म्हणालात."

"हो."

"मग आज कशाला सांगायला आलात?"

मी म्हटलं, "सर, चौदाला मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आता माझी सही तिथे तशीच राहिली तर ती खोटी सही होईल."

ते उठून गेले. दुपारी बोलावलं. दार लावून घेतलं नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. मला कायम करायचा निर्णय त्यांनी सहा महिने पुढे ढकलला आहे. कारण लिहिलं आहे, पुरेशी तपासणी न करता सही केली. मामा, हे खरं आहे, मला त्यावर भांडता येत नाही. इस्पितळालाही त्यांनी फोन केला, चूक माझी आहे, पंधरा दिवस थांबा, असं स्वतः सांगितलं. आणि मग म्हणाले, "यापुढे इथून बाहेर पडणारं प्रत्येक काम आधी तुमच्या टेबलावर येईल. माझं सुद्धा. पट्टी लावल्याशिवाय सही करायची नाही." पट्टी हा शब्द मीच त्यांना सांगितला होता. आता इथे सगळेच तो वापरतात.

ओळी दुरुस्त झाल्या. अक्षरं मोजून घ्यायची, आठाच्या पुढचं टाकून द्यायचं, आणि नाव सापडलं नाही तर खणात स्पष्ट शून्य लिहायचं, आधीचं काहीही असो. सहा ओळी वाढल्या. मग मी अख्ख्या परंदवडीला एकेक करून दाराशी उभं केलं. भामाबाई काकूंना तर आडनाव, सासरा आणि तालुका यांच्यासकट. एकालाही आत सोडलं नाही. कायम नाही झाले, तरी इतकी खात्री मला चौदा तारखेला नव्हती. तुम्ही आईला सांगा, की मी नापास झाले नाही, मला परत बसवलं आहे आणि मी पहिली येणार आहे.

आता माझा प्रश्न. कान्हूचं पुढे काय झालं? तो आहे का? मी तुमच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली, ती मला अंधूक आठवते. मला ती फार आवडली होती. म्हणून विचारते आहे.

नंदा

*

खंडाळा, २५ मार्च १९७९

नंदा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले. दोन आठवडे वाडीकडे जायचं धैर्य गोळा करत होतो. अडतीस वर्षं घाट पायाखाली घातलेला माणूस, राजमाचीच्या वाटेला चार फर्लांग जाऊन दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा तुझी मामी म्हणाली, "म्या बी येती." ती पुढे आणि मी मागे.

कान्हू आहे. माझ्याहून काटक आहे. अंगणात हिरडे वाळत घातले होते, त्यात बसला होता. त्याची बायको बाया गेली त्याला सहा वर्षं झाली. मुलगी गंगी आणि तिची पोरं त्याच्याजवळ असतात. त्यानं आम्हाला बसायला घोंगडं टाकलं. मला वाटलं, तो मला ओळखायचा नाही. म्हणाला, "ये दत्तोबा. लय दिस लागलं तुला."

मी सगळं सांगितलं. मान वर न करता सांगितलं. तो हिरडे परतत होता, हात थांबला नाही. माझं संपल्यावर म्हणाला, "ठाव हाय मला."

मी विचारलं, "कसं?"

"तू त्या दिशी केबिनीत आलाच न्हाईस. वही खाली मागवलीस. ती वही तुज्याकडं घेऊन कोन आलं व्हतं? मीच की."

नंदा, मला हे आठवत नव्हतं. एकवीस वर्षांत वही आठवली, सही आठवली, गाडी आठवली. वही आणून माझ्या हातात देणारा माणूस आठवला नाही.

मी म्हटलं, "मग तवाच का बोलला न्हाईस?"

"बोललो. सायबाला सांगितलं, मेस्त्री आल्याला न्हाई. सायबानं वही दावली. म्हनला, हितं लिवलंय, दोष न्हाई. आता वहीम्होरं माजं कोन ऐकतंय?" त्यानं आणखी मूठभर हिरडे परतले. "मी झोपलो न्हवतो, दत्तोबा. सांदा पुरा वडला व्हता."

मामीनं पदर तोंडाला लावला. मी विचारलं, आता मी काय करू, सांग. मला वाटलं तो म्हणेल, जाऊ दे, झालं गेलं. तो तसं म्हणाला नाही. म्हणाला, "कागुद लिवून दे. गंगीला वाचता येतंय. तिला लोकं झोपाळ्या कान्हूची पोर म्हनत आली. तिनं वाचू दे. आन सही कर. तुजी सही चालती, मी बगितलंय."

त्याप्रमाणे मजकूर लिहिला आहे. चार वेळा लिहिला. खाली उतरवून पाठवतो. तू आता साहेबांच्या साहेबांचं लिखाण तपासतेस, तेव्हा हेही तपास. कुठे मी स्वतःला निसटायला जागा ठेवली असेल तर खूण करून परत पाठव. मग पक्की प्रत करून वाडीत घेऊन जातो.

"मी, दत्तोबा, निवृत्त सिग्नल मेस्त्री, लिहून देतो की ५ एप्रिल १९५८ रोजी मी सांध्याला पट्टी लावून तपासणी न करता नोंदवहीत 'दोष आढळला नाही' असे लिहून सही केली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्या सांध्यावर डबे घसरले. त्या वेळी सांध्याचे कुलूप बहुतेक नादुरुस्त होते. चौकशीआधी मी ते दुरुस्त केले व कोणास सांगितले नाही. कान्हू जागा होता व त्याने सांधा पूर्ण ओढला होता. त्याला कामावरून काढले ते माझ्या सहीमुळे."

मामा

*

मुंबई, २८ मार्च १९७९

मामा,

तिसऱ्या वाक्यात "बहुतेक" आहे. कुलूप नादुरुस्त होतं, हे तुम्ही स्वतः पट्टी लावून पाहिलं होतं. तेवढा शब्द काढा, आणि सही करा.

नंदा